राहतं घर गहाण टाकून सिनेमा काढू का? फाळक्यांचा दाखला देणाऱ्या मित्राला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने दोन लघुपट केले आहेत, त्यातल्या एकाला महोत्सवात पारितोषिक मिळालंय. पूर्ण लांबीच्या मराठी सिनेमाची पटकथा तयार आहे, पण बरेच उंबरठे झिजवूनही निर्माता मिळत नाही. म्हणून राहत्या घरावर कर्ज काढून स्वतःच निर्माता व्हायचं मनात आहे. बायको आणि वडील नको म्हणतात. शेवटचं वाक्य असं: "दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण टाकले म्हणून आपल्याकडे सिनेमा जन्माला आला. मग मी का घाबरू?"

मी मराठी चित्रपटांच्या निर्मितीचं काम बघते. बजेट बसवायचं, शेड्यूल आखायचं, रोज संध्याकाळी पॅकअप झाल्यावर युनिटला बॅटा, म्हणजे रोजचा भत्ता, वाटायचा आणि पैसा कुठून आला, कुठे गेला याचा हिशेब ठेवायचा. फाळक्यांचा हा दाखला नवीन निर्मात्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलाय. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीतलं एकच पान फाडून समोर ठेवलं की मला राहवत नाही. पूर्ण वाचली तर तीच कारकीर्द तुमच्या प्रश्नाचं फार नेमकं उत्तर देते.

तुम्ही विचारताय पहिल्या सिनेमाच्या पैशांबद्दल. फाळके अडचणीत आले ते सिनेमे चालल्यानंतर, पुढच्या सिनेमांचा पैसा दुसऱ्यांच्या हातात गेला तेव्हा. स्वतंत्र निर्मात्याचा खरा कस तिथे लागतो. पण आधी गहाणाचं बघू, कारण तुमचा निर्णय त्यावर अडलाय.

फाळक्यांचा जन्म 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. 1911 साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला, पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला आणि आपल्या देवदेवता पडद्यावर आणायचं डोक्यात घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला झाली होती, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण झालं होतं. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला होता, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली होती, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचं काम केलं होतं. मग स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला गेले आणि भागीदारांशी पटेना म्हणून तो चालता धंदा सोडूनही दिला. प्रकाश, रसायनं, यंत्रं आणि भागीदारीतलं भांडण या चारही गोष्टी सिनेमाच्या आधीच त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. कर्ज देणाऱ्याला समोर एक पारखलेला कारागीर दिसत होता.

आता गहाणाचा क्रम बघा. विम्याची पॉलिसी 12,000 रुपयांची होती, ती गहाण टाकून 10,000 उचलले. त्या पैशांचं काम ठरलेलं होतं: लंडनला जायचं, तंत्र बघायचं, यंत्रसामग्री घ्यायची. 1912 च्या फेब्रुवारीत ते निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने आधी त्यांना नाउमेदच केलं, इंग्लंडमध्येच निर्माते बुडताहेत तर हिंदुस्थानात कसं जमणार म्हणून. मग याच माणसाने त्यांची जिद्द बघून सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थनी आपला स्टुडिओ उघडून दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून, फाळके एप्रिलच्या पहिल्या तारखेला परत आले.

इथे मी तुम्हाला थांबायला सांगेन. परत आल्या आल्या त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. मोठ्या सिनेमाला लागेल एवढा पैसा हातात नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. त्याचं रोज थोडं थोडं चित्रण करत गेले आणि बीजातून अंकुर फुटून वेल वर चढते हे मिनिटाभराच्या फिल्मवर दाखवलं. ही फिल्म निवडक लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी ती बघून कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते या टप्प्यावर, कॅमेरा चालतो आणि तो चालवणाऱ्याला चालवता येतो हे डोळ्यांनी बघितल्यावर.

पैसा टप्प्याटप्प्याने आला आणि प्रत्येक टप्प्याआधी हातात काहीतरी दाखवण्यासारखं होतं, एवढं यातून निघतं. तुमचे दोन लघुपट ही तुमची वाटाण्याची वेल आहे का? असेलही. पण महोत्सवाच्या परीक्षकांना आवडणं वेगळं आणि पैसे घालणाऱ्याने बघून खिशात हात घालणं वेगळं. तुम्ही लिहिलंय की निर्माते पटकथा ऐकतात आणि "कळवतो" म्हणतात. त्यांना तुम्ही याच सिनेमातला एखादा प्रसंग चित्रित करून दाखवलाय का? त्याच कलाकारांसह, त्याच बोलीत, त्याच गावात? दहा मिनिटांचा तुकडा करायला घर गहाण टाकावं लागत नाही. तो बघूनही कुणी पुढे येत नसेल तर त्याचा अर्थ लावायला हवा, आणि तो अर्थ कर्ज काढण्याआधी लागलेला बरा.

दुसरा फरक असा की फाळक्यांच्या पॉलिसीवरच्या पैशातून यंत्रं आली. सिनेमा पडला असता तरी कॅमेरा उरला असता, भोकं पाडायचं यंत्र उरलं असतं. तुमचा पैसा कॅमेऱ्याच्या भाड्यात, लाइट्सच्या भाड्यात, जेवणात, गाड्यांच्या डिझेलमध्ये आणि बॅट्यात जाणार. संध्याकाळी पॅकअप म्हटलं की त्या दिवसाचा पैसा संपला, हातात उरतं ते फक्त फुटेज. शिवाय घरावरच्या कर्जाचा हप्ता बहुतेक वेळा पुढच्याच महिन्यात सुरू होतो. सिनेमाचा पहिला रुपया यायला मात्र शूटिंग, एडिट, डबिंग, साउंड, सेन्सॉर आणि थिएटरच्या तारखा एवढं सगळं पार पडावं लागतं. वर्ष सहज जातं, पुष्कळदा दोन जातात. सरकारी अनुदानाच्या भरवशावर गणित मांडणारेही भेटतात. ते अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर मिळतं. हप्ता भरायला त्याचा उपयोग नाही.

इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं हे मान्य करायला हवं. घर एकच आहे की गावाकडे आणखी आसरा आहे? घरात दुसरी नियमित कमाई आहे का? हप्ता दोन वर्षं सिनेमाशिवाय भरता येईल का? या तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर मी तुम्हाला नाही म्हणणार नाही, फक्त रकमेला कुंपण घाला म्हणेन. एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर राहतं घर अडकवू नका.

सरस्वतीबाईंबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण दागिन्यांची गोष्ट सांगताना त्यांचं काम गाळलं जातं. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या भोकं पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनं त्यांना कालवता यायची. दादरला ते राहत त्या बंगल्यात साठ-सत्तर माणसांचं युनिट जेवायचं, त्यांचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा. आजच्या भाषेत सांगायचं तर लॅब, कॅमेरा असिस्टंट आणि कॅटरिंग अशी तीन खाती या बाई एकट्या चालवत होत्या. अशा बाईने दागिने काढून दिले तेव्हा पैसा नेमका कशात जातोय हे तिला पक्कं माहीत होतं. तुमच्या पत्नीला तुमचं बजेट माहीत आहे का? आकड्यांसकट? त्या नको म्हणतात त्याला भीती म्हणून बाजूला सारू नका. कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि कुठल्या आकड्यावर त्यांचं बोट थांबतं ते बघा. माझ्या अनुभवात घरातल्या माणसाचं बोट बरोबर जागी थांबतं.

आता विक्रीकडे येऊ. 'राजा हरिश्चंद्र' साधारण पंधरा हजारांत झाला. लांबी 3,700 फूट. 21 एप्रिल 1913 ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. सोबत नाच होता, विनोदी नकला होत्या, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू होता. सिनेमा एकटा पुरा पडेल याची तेव्हा खात्री नव्हती. मुंबईत तो चालला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला अगदी किरकोळ जमला, असं सांगतात. तिथल्या लोकांना त्याच पैशांत कित्येक तासांचं नाटक बघायची सवय होती. फाळक्यांनी मग जाहिरात बदलली: 57,000 छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. लोक आले.

मी एकदा कुतूहलाने हा हिशेब केला. एका फुटात 16 चौकटी बसतात. 3,700 ला 16 ने गुणलं की 59,200 होतात. म्हणजे 57,000 हा आकडा जवळजवळ खरा आहे. दोन मैल मात्र नाहीत, पाऊण मैलही भरत नाही. मला यातलं धंद्याचं भान फार आवडतं. गिऱ्हाईक लांबीवर पैसे मोजतंय हे ओळखून त्यांनी सिनेमा लांबीच्या भाषेत विकला. ज्याने कुंचला धरला, कॅमेरा चालवला, तोच माणूस गावोगावच्या तिकीटखिडकीचंही बघत होता.

आजचे निर्माते सगळ्यात जास्त इथे फसतात. माझ्याकडे बजेट तपासायला येतात तेव्हा मी शेवटचं पान आधी उघडते. पहिली पानं सुरेख असतात: कलाकार, तंत्रज्ञ, लोकेशन, आर्ट, कॉस्च्युम, सगळं ओळीने. शेवटच्या पानावर डीआय (रंगांची दुरुस्ती), आवाजाचं मिक्सिंग, सेन्सॉर, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), पोस्टर, ट्रेलर, व्हीपीएफ (डिजिटल प्रक्षेपणासाठी द्यावी लागणारी फी), आणि या ओळींसमोर एक तर रिकामी जागा असते किंवा "नंतर बघू". एका निर्मात्याने गावाकडचा प्लॉट विकून सिनेमा केला. शूटिंग छान झालं. शूटिंगनंतरच्या कामाचं, म्हणजे पोस्ट-प्रॉडक्शनचं, बिल थकलं म्हणून हार्डडिस्क स्टुडिओतच राहिली, आणि ती सोडवायला त्याने आपल्या सिनेमाचे हक्क बिलाच्या रकमेला देऊन टाकले. सिनेमा लागला, पण त्यातला एक रुपयाही त्याच्याकडे आला नाही. तिकिटाचे पैसे आधी जीएसटीत, मग थिएटरच्या वाट्यात जातात. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा हिस्सा तुमच्या बाजूला येतो, पुढे तो घसरत जातो, आणि मराठी सिनेमाला दुसरा आठवडा मिळवण्यासाठीच झगडावं लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की एकूण पैशातला मोठा हिस्सा शूटिंग संपेपर्यंत शिवायचा नाही. त्याचं वेगळं खातंच उघडायचं.

आता कारकिर्दीचा तो उत्तरार्ध, जो दाखल्यात कधीच येत नाही.

1913 मध्येच फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' झाला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. 'सत्यवान सावित्री' झाला. 1914 मध्ये ते आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. हेपवर्थनी तिथेच राहून काम करायला बोलावलं, फाळक्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. आपला धंदा आपल्या मातीत उभा करायचा होता. नेमकं तेव्हाच महायुद्ध सुरू झालं. भांडवलदारांनी हात आखडते घेतले, आणि तीन सिनेमे चाललेल्या या माणसाची पुन्हा पै-पैशासाठी ओढाताण सुरू झाली. पहिल्या सिनेमांची कमाई पुढच्यांत ओतली गेली होती, गाठीला काही ठेवलेलं नव्हतं. त्यातून ते 1917 च्या 'लंकादहन'ने वर आले. अण्णा साळुंके त्यात राम आणि सीता, दोन्ही. हा सिनेमा तुफान चालला.

तुफान चालल्यावर पैसेवाले दारात आले. 1918 च्या पहिल्या दिवशी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापन बघणारे भागीदार, बाकीचे भांडवल घालणारे, आणि फाळके काम करणारे भागीदार. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' याच काळातले, दोन्हींत मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण. सिनेमे चालत होते, तरी खर्च आणि कामाची पद्धत यांवरून खटके उडू लागले. भांडवल घालणाऱ्यांना ठरलेल्या वेळात, ठरलेल्या पैशांत माल हवा होता. फाळक्यांना ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचं दृश्य, मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचा होता. शेवटी 1919 मध्ये ते कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. 1922 मध्ये परतले ते त्याच कंपनीत.

यात कुणालाही खलनायक करायची गरज नाही. भागीदारांचा पैसा होता, त्यांना हिशेब विचारायचा हक्क होता. पण सिनेमा फाळक्यांच्या हातून होत होता आणि तो कसा व्हावा याचा शेवटचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. पैशाच्या बदल्यात नेमकं काय दिलं जातंय हे अशा करारात आधीच ठरवावं लागतं. 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे काम करणारे आणि भांडवलाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी एकाच पंगतीला मालक म्हणून बसले. तिथेही पुढे मतभेद झालेच. पण सिनेमा कसा करायचा हे करणारे ठरवत होते, आणि तेवढ्यावर कंपनीने मोठी मजल मारली.

फाळक्यांचा पुढचा प्रवास वाचताना मला दर वेळी त्रास होतो. पुन्हा स्वतंत्र होऊन 'सेतुबंधन' सुरू केला, पैसा मध्येच संपला आणि मदतीसाठी आपट्यांकडेच यावं लागलं. तो पूर्ण होईतो बोलपट आले होते, 'आलम आरा' 1931 च्या मार्चमध्ये लागला होता. मूकपट म्हणून केलेल्या सिनेमाला मागून आवाज जोडावा लागला. मग कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण', 1937 चा, त्यांचा एकमेव बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले तेव्हा हातात फार काही नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 मध्ये सुरू झाला.

तेव्हा "फाळक्यांनी केलं, मग मी का नको" याला माझं उत्तर असं की फाळक्यांनी केलं तसं करा, पण त्यांच्या क्रमाने. आधी कामाची पारख, मग छोटा पुरावा, मग तेवढ्यापुरतं कर्ज, आणि विक्रीचा विचार पहिल्या दिवसापासून. ज्या जागी ते अडकले, ती जागा आजच करारात बंद करा.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. कर्जाचा अर्ज सध्या बाजूला ठेवा. पटकथेतला सगळ्यात जिवंत प्रसंग निवडा आणि तो दोन दिवसांत, छोट्या युनिटसह, नीट चित्रित करा. युनिटचे पैसे मात्र बुडवू नका. स्पॉट दादापासून सगळ्यांचा बॅटा त्याच संध्याकाळी द्या, उद्या मोठ्या सिनेमाला हीच माणसं लागणार आहेत. तो तुकडा घेऊन एका मोठ्या निर्मात्यामागे धावण्यापेक्षा छोटी रक्कम घालू शकणाऱ्या चार-पाच जणांना भेटा. तुमच्या भागातले डॉक्टर असतील, व्यापारी असतील, परदेशात स्थायिक झालेले मित्र असतील. रक्कम बुडू शकते हे त्यांना तोंडावर सांगा आणि लिहूनही द्या.

वकिलाकडून करार करून घ्या आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट ठेवा. फायनल कट, म्हणजे सिनेमाच्या शेवटच्या एडिटचा निर्णय, कोणाचा. आलेल्या पैशातून आधी कोणाची रक्कम फिटणार, मग कोणाची. आणि सॅटेलाइट (टीव्ही), ओटीटी, रिमेक हे हक्क कोणाच्या नावावर राहणार, तेही किती वर्षं. समोरचा माणूस "आपल्यात कागद कशाला" म्हणाला तर चहा घ्या आणि उठा.

एवढं करूनही काही रक्कम कमी पडली आणि घरचे आकडे बघून तयार झाले, तर त्या फरकापुरतं कर्ज काढायला माझी हरकत नाही. त्याआधी बजेटचं शेवटचं पान भरा आणि ते मला पाठवा. पहिली पानं नंतर पाठवलीत तरी चालेल.